मखाण्यांना आवाज नसतो

आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसात यंदा संक्रांतीनंतरच्या रविवारी एक बोरन्हाण झालं. चौथ्या मजल्यावरची सव्वा वर्षाची मुलगी, अंगात काळं झबलं, डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हार, हातात वाक्या, पाटाभोवती रांगोळी आणि रांगोळीभोवती सोसायटीतली सगळी पोरं दबा धरून बसलेली. निमंत्रणातच लिहिलं होतं की हे ‘हेल्दी बोरन्हाण’ आहे. म्हणजे गोळ्या-चॉकलेटं नाहीत, हलवा नाही. (दागिने मात्र खऱ्या हलव्याचे. फोटोसाठी.) लहानग्यांच्या घशात अडकतील म्हणून शेंगदाणे आणि हरभरे वगळले होते, ते योग्यच. टोपलीत होते भाजलेले मखाणे, थोडे चुरमुरे, काळ्या मनुका, बोरं आणि ऑनलाइन मागवलेल्या बिनसाखरेच्या रंगीत जेली. औक्षण झालं, बायकांनी ओंजळी भरभरून ओतल्या, आणि काहीच घडलं नाही. मखाणे डोक्यावरून घरंगळतात तेव्हा त्यांचा आवाज होत नाही. बोरं तेवढी टपटपली. एका मुलाने जेली उचलली, हुंगली आणि परत सतरंजीवर ठेवली. मग कोपऱ्यातल्या खुर्चीवरून मुलीची आजी उठली, तिने पिशवीत हात घातला आणि मूठभर पांढरा काटेरी हलवा नातीच्या डोक्यावर असा काही भिरकावला की तो मुकुटावर, पाटावर, फरशीवर तडतडत चहूकडे उडाला. पोरं तुटून पडली. कोणाचं कोपर कोणाच्या बरगडीत, कोणाची वेणी कोणाच्या हातात. मुलीची आई माझ्या समोरच उभी होती. ती रागावली नाही, काही बोललीही नाही. तिने फक्त डोळे मिटून घेतले. आणि ही सगळी झुंबड चालू असताना उत्सवमूर्ती पाटावर शांतपणे स्वतःच्या हातातली वाकी चोखत बसली होती.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर ‘शेवटी आजीच जिंकली’ म्हणून हसण्याच्या खुणांचा पाऊस पडला. मला त्यात भाग घ्यावासा वाटला नाही, कारण ते मिटलेले डोळे माझ्या मनातून जात नव्हते. दोन-तीन दिवसांनी ती मुलगी (आता आई झालेल्या बाईला मुलगी म्हणणं हा माझ्या वयाचा दोष) डबा परत द्यायला आली तेव्हा दारातच बोलत उभी राहिली. गरोदरपणात तिला शुगर निघाली होती. नवरा पस्तिशीच्या आत गोळ्या घेतोय. सासूबाई इन्शुलिनवर आहेत. ज्या पिशवीतून हलवा निघाला त्याच पिशवीत त्यांचं इन्शुलिनचं पेन असतं. “काकू, मला काय हौस आहे का हो पोरांचा विरस करायची,” ती म्हणाली. २०२३ साली आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीचे आकडे आले, देशात दहा कोटींवर लोकांना मधुमेह आणि साडेतेरा कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर. तो आकडा वाचून मी पान उलटलं होतं. आता माझ्याच रक्तातल्या साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीच्या रिपोर्टवर ‘बॉर्डरलाइन’ असा शेरा येऊन पडला आहे, म्हणजे त्या साडेतेरा कोटींत माझी बेरीज झालेली आहे, आणि पान उलटायची सोय राहिलेली नाही.

माझी आजी दर पौषात घरी हलवा करायची. संक्रांतीच्या आधी चार-पाच दिवस तिची तयारी सुरू व्हायची. पहाटे उठून मागच्या पडवीत शेगडी पेटवायची, निखाऱ्यांवर राख पसरून धग मंद करायची, वर पितळी परात. परातीत कधी तीळ, कधी खसखस, कधी साबुदाणे. शेजारी साखरेचा पाक, दूध घालून वर आलेली मळी काढलेला आणि फडक्यातून गाळलेला. त्यातला एकेक चमचा परातीत सोडायचा आणि बोटांनी दाणे फिरवत राहायचे, सतत, एका लयीत, एकही दाणा दुसऱ्याला चिकटू न देता. पाक सुकला की पुढचा चमचा. घाई केली की गोळा होतो, धग वाढली की पाक पिवळा पडतो. पहिल्या दिवशी तिळावर नुसता पांढुरका थर दिसे. दुसऱ्या दिवशी दाणे ज्वारीएवढे होत. मग एखाद्या कडक थंडीच्या पहाटे त्यांच्या अंगावर बारीक बारीक टोकं दिसू लागत आणि आजी आईला हाक मारून म्हणे, “बघ गं, काटा धरला.” आभाळ आलं असलं तर ती शेगडी पेटवायचीच नाही. ढगाळ हवेत काटा धरत नाही, उगाच साखर वाया, हे तिचं शास्त्र. मी परातीशेजारी उकिडवी बसून बघायची. तापलेल्या पितळेचा आणि कढत साखरेचा तो वास मला आजही कुठे आला तर मी थांबते; आणि त्याच वासात तिच्या बोटांना लावलेल्या खोबरेल तेलाचाही वास असायचा, कारण तिच्या उजव्या हाताची टोकं पौष संपेपर्यंत लालबुंद आणि चकचकीत असत.

इतकं करून हलवा व्हायचा तो एक मध्यम डबाभर.

त्यात घरच्या लेकीसुनांचे दागिने, नव्या सुनेचा पहिला सण असला तर तिचा हार-बिंदी-बाजूबंद, हळदीकुंकवाच्या बायका, आणि उरलं तर आम्ही पोरं. तिळगूळ मागायला घरोघर फिरायचो तेव्हा हातावर पडायचे ते चार दाणे नि एक लाडू, लाडूसुद्धा बोरापेक्षा मोठा नसायचा. आम्ही ते दाणे लगेच चावत नसू. जिभेवर ठेवायचे, काटे जिभेला टोचायचे, मग हळूहळू बोथट व्हायचे, मग साखरेचा गुळगुळीत गोळा राहायचा आणि सगळ्यात शेवटी आतला तीळ दाताखाली यायचा, किंचित कडवट. एका दाण्यावर निम्मी गल्ली पार व्हायची. साखर तेव्हा रेशनवर मिळायची, आमच्या कार्डावर किती आणि कधी येणार हे दुकानदार ठरवायचा. तेव्हा ‘प्रमाणात खा’ असं आम्हाला कोणी सांगितल्याचं मला आठवत नाही. सांगायची गरजच नव्हती. प्रमाण रेशनकार्डाने ठरवलं होतं, थंडीने ठरवलं होतं, आणि आजीच्या बोटांनी. आमचा संयम वगैरे त्यात काही नव्हता; डबा हाती लागला असता तर आम्ही दुपारपर्यंत संपवला असता.

म्हणून ‘जुनी माणसं कशी मोजकं खायची’ असं कोणी भाबडेपणाने म्हणालं की मला पंगती आठवतात. वाढपी जिलबीचं ताट घेऊन येई, पान झाकायला हात आडवा धरावा तर हातावर जिलबी ठेवून जाई. यजमान स्वतः फिरत, “आमची शपथ आहे”, “एवढी एक तरी”, आणि मग पुरुषांच्या पंगतीत पैजा. कोणी किती रिचवल्या हे पुढच्या लग्नापर्यंत सांगितलं जाई. आमच्या नात्यातल्या एका काकांची ख्याती अशी होती की त्यांच्यासाठी वेगळं ताट भरून ठेवत. त्याच काकांच्या पायाला पुढे चप्पल चावल्याचं निमित्त झालं, जखम बरी होईना, आणि अंगठ्यापासून सुरुवात होऊन पाऊल गेलं. घरात मधुमेह हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पैजा लावणारे पुरुष आणि शेवटच्या पंगतीला उरलंसुरलं खाणाऱ्या बायका. ज्या बायकांनी ते सगळं तळलं, पाकात बुडवलं, त्यांच्या वाट्याला तुकडे. आपली परंपरा मोजकं खायची होती की अंगाला येईस्तोवर खायची, याचं उत्तर तुम्ही पंगतीत कुठे बसला होता त्यावर अवलंबून आहे.

गुळाविषयी बोलल्याशिवाय मात्र पुढे जाता येत नाही, कारण माझं आजोळ कोल्हापूरजवळचं आणि गुळाला नावं ठेवणं म्हणजे तिकडे घरातल्या माणसाला नावं ठेवण्यासारखं आहे. गुऱ्हाळ सुरू झालं की दोन शेतं अलीकडून वास यायचा. चुलवाणात चिपाडं घातली जात, वर भली मोठी काहील, रस उकळायला लागला की त्यात भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी घालून मळी वर आणायची आणि झाऱ्याने काढायची. गुळव्या म्हणजे तिथला राजा. तो पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी चेपून बघायचा आणि त्याने मान हलवली की चार माणसं काहील उतरवायला धावायची. आम्ही उसाचं कांडं त्या उतरत्या पाकात बुडवून फुंकर मारत चोखायचो. त्यामुळे गूळ चांगला, साखर वाईट, हे माझ्या रक्तात आहे. आणि रक्ताच्या रिपोर्टवर त्याचा काहीही परिणाम होत नाही! गुळातही बहुतेक सगळी साखरच असते, सुक्रोजच. चमच्यामागे उष्मांक जवळपास तेवढेच, रक्तातली साखर वाढवण्यात तो कोणाला हार जाणारा नाही. लोह आणि खनिजं असतात, थोडी; पण त्यांच्या भरवशावर लोह भरून काढायचं म्हटलं तर एवढा गूळ खावा लागेल की डॉक्टर दुसऱ्याच कारणासाठी ओरडतील. गूळ खायचा तर चवीसाठी खावा, त्या किंचित खारट, जळकट, मातीच्या चवीसाठी, जी साखरेत नाही. पिवळाधमक दिसावा म्हणून गुळात रसायनं घालतात हे तिकडची पोरंसोरंही जाणतात, म्हणून मी काळपट गूळ घेते. हे सगळं मी मामीला सांगायला गेले तर ती म्हणाली, “तू पुण्याला गेलीस तेव्हाच मला कळलं होतं.”

यंदा मी बाजारात जरा डोळे उघडे ठेवून फिरले. जिकडेतिकडे ‘नो ॲडेड शुगर’, ‘गूळयुक्त’, ‘मल्टिग्रेन’, ‘प्रोटीन लाडू’. नाचणीची चिक्की, बाजरीची बिस्किटं, खजूर-बदाम रोल, क्विनोआचा चिवडासुद्धा. डबे देखणे, किंमती सोन्याच्या पेढीवरच्या. एक खजुराचा लाडू मी घरी आणून स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर ठेवला: अडतीस ग्रॅम. शेजारी मी केलेला तिळगुळाचा लाडू ठेवला: बारा. खजुराच्या लाडवाच्या डब्यावर साठ टक्के खजूर असं छापलं होतं आणि खजुराच्या वजनात साधारण दोन तृतीयांश साखरच असते. म्हणजे त्या ‘बिनसाखरेच्या’ एका लाडवात साखर पंधरा ग्रॅमच्या घरात. माझ्या तिळगुळात अर्धा गूळ धरला तरी सहाच्या आत. आता खजुराची बाजूही मांडायला हवी: त्यात चोथा असतो, आणि अख्ख्या फळात मुळातच असलेली साखर जागतिक आरोग्य संघटना ‘मुक्त साखरे’च्या, म्हणजे वरून घातलेल्या किंवा मध-रसातल्या साखरेच्या, हिशेबात धरत नाही. तिळाचीही बाजू आहे, निम्मं तेल असलं तरी कॅल्शियम भरपूर, प्रथिनं चांगली, आणि ते तेलच साखर रक्तात जायचा वेग थोडा मंदावतं. पण मला खटकलं ते वेगळंच. बारा ग्रॅमचा लाडू आपण संक्रांतीला खातो. अडतीस ग्रॅमचा लाडू माझी मैत्रीण रोज सकाळी जिमवरून आल्यावर खाते, संध्याकाळी चहाबरोबर आणखी एक, कारण तो ‘चालतो’.

हा ‘चालतो’ फार महाग पडतो. दोन दिवाळ्यांपूर्वी आमच्याकडे कोणीतरी शुगर-फ्री बर्फीचा डबा दिला. सासरे मधुमेही, बरीच वर्षं ते दिवाळीत पेढ्याचा नखाएवढा तुकडा मोडून घ्यायचे आणि डोळे मिटून खायचे. त्या दिवशी त्यांनी डब्यावरची अक्षरं दोनदा वाचली आणि टीव्हीसमोर बसून सहा बर्फ्या खाल्ल्या. एकेक अख्खी. साखर नसली तरी खवा होता, तूप होतं, काजू होते, खव्यातली दुधाची साखर होती. आणि गोडीसाठी घातलेलं माल्टिटॉल होतं, जे जास्त झालं की पोटाचं काय होतं हे डब्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं. ती रात्र आम्ही कोणी झोपलो नाही. सकाळी ते आरामखुर्चीत मलूल होऊन म्हणाले, “चव तर काही खास नव्हती.” मला सगळ्यात वाईट वाटलं ते त्याचंच. तो नखाएवढा तुकडा खाताना त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते त्या सहा बर्फ्यांनी मिळून आणलं नव्हतं. वजन आटोक्यात ठेवायला कृत्रिम गोडीचा आधार घेऊ नये, असं २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलं (माल्टिटॉलसारखे पदार्थ त्या शिफारशीत येत नाहीत). ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांना ती शिफारस लागू नाही, त्यांचं गणित वेगळं, त्यांच्या डॉक्टरांशी बोलून मांडायचं. पण सासऱ्यांना त्या दिवशी हवी होती ती गोडी नव्हतीच. कोणीतरी ‘घ्या, खुशाल घ्या’ म्हणावं, एवढं त्यांना हवं होतं.

माझी भाची स्वीडनला असते. तिच्याकडे गेले होते तेव्हा शनिवारी सकाळी तिच्या मुलाने मला हाताला धरून दुकानात नेलं. भिंतभर पारदर्शक पेट्या, प्रत्येकीत वेगळ्या रंगाच्या गोळ्या, आंबट, खारट, काळ्याकुट्ट ज्येष्ठमधाच्यासुद्धा. कागदी पिशवी घ्यायची, छोट्या फावड्याने हवं ते भरायचं आणि वजनावर पैसे द्यायचे. तिथे मुलांना गोळ्या मिळतात त्या शनिवारी. ‘लोर्दागसगुदिस’, शनिवारच्या गोळ्या. रविवार ते शुक्रवार मागायचं नाही, आणि तो खरंच मागत नव्हता, बुधवारी माझ्या पर्समधली आवळा सुपारीसुद्धा त्याने “शनिवार नाही” म्हणून नाकारली. मला ते फार आवडलं. मग भाचीने त्यामागची कथा सांगितली आणि आवडणं जरा घशात अडकलं. लुंडमधल्या विपेहोल्म नावाच्या संस्थेत १९४५ ते १९५५ या काळात दातांच्या किडीवर संशोधन झालं. तिथे राहणाऱ्या मतिमंद रुग्णांना मुद्दाम दाताला चिकटतील अशा टॉफ्या जेवणांच्या मधल्या वेळांत खायला घातल्या. त्यांची संमती कोणी घेतली नाही. कित्येकांचे दात कायमचे गेले. निष्कर्ष असा निघाला की किती साखर खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली आणि दाताला किती वेळ चिकटून राहिली, याने कीड ठरते. म्हणून दिवसभर चघळण्यापेक्षा आठवड्यातून एकदा खा. त्यातून पुढे सरकारी सल्ला आला आणि सल्ल्याची पद्धत झाली. आणि एवढं असून स्वीडिश माणसं गोळ्या खाण्यात जगात पहिल्या रांगेत आहेत. शनिवारची पिशवी चांगली मोठी असते! म्हणजे वार ठरला की प्रमाणही आपोआप ठरतं असं नाही. पण सहा दिवस तोंड मोकळं राहतं, आणि सातव्या दिवशी तो मुलगा ती पिशवी उशीवर ओतून रंगांप्रमाणे लावतो, मग आधी न आवडणाऱ्या संपवतो. इतकं मन लावून गोड खाताना मी मोठ्या माणसाला फार क्वचित पाहिलं आहे.

आपल्याकडेही वार होतेच की. चातुर्मासात एखादा पदार्थ सोडायचा नेम होता, माझी आजी एका वर्षी साखर सोडायची, एका वर्षी गूळ, आणि एका वर्षी तिने दोन्ही सोडलं तेव्हा आजोबांचा चहाही फिका झाला. होळीला आणि पाडव्याला साखरेच्या गाठी. एरवी गाठी दुकानात मिळतच नसत. अनारसे दिवाळीत नाहीतर अधिकात. गूळपोळी संक्रांतीला. प्रत्येक गोडाला त्याची तिथी होती. आता माझ्या ऑफिसात कोणाचा मुलगा पास झाला तर पेढे, कोणी गाडी घेतली तर काजूकतली, कोणाची बदली झाली तर केक, बदली रद्द झाली तर परत केक. ‘घ्या हो, एकाने काय होतंय’ हे वाक्य मी आठवड्यातून किमान तीनदा ऐकते. सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं, कुठल्या खाण्यापिण्यात किती साखर, दिवसाला किती असावी, हे मुलांना दिसेल असं. एका शाळेतला असा फळा मी पाहिला. कोल्ड्रिंकच्या बाटलीखाली साखरेचे चमचे काढले होते, आणि त्याच मजल्यावर शिक्षकांच्या खोलीत कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक कापला जात होता. मुक्त साखर दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत, जमल्यास पंचवीसच्या, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ पासूनचा हिशेब आहे. पंचवीस म्हणजे सहा छोटे चमचे. माझे दोन चहा, एक बिस्किटाची जोडी आणि बदली रद्द झाल्याचा केक, एवढ्यात ते संपतात. सण त्यात कुठे आलेलाच नाही.

माझं भांडण सणातल्या गोडाशी नाही, हे इतक्या दिवसांनी मला कळलंय. सणांच्या मधल्या गोडाशी आहे. आणि म्हणूनच ‘हेल्दी’ गोडाबद्दल मला संशय येतो, कारण ते सणाला तर येतंच, वर रोजही राहायला येतं. चहातली साखर मी निम्म्यावर आणली, मग पाव चमच्यावर, आणि दोनेक आठवडे चहा घोटभर औषध वाटला, नंतर जीभ रुळली. ऑफिसातला केक मी हसून सोडते. लोक आधी विचारतात, मग विचारायचे थांबतात. पण संक्रांतीला माझ्या हातावर कोणी काळपट गुळाचा, नीट भाजलेल्या तिळाचा लाडू ठेवला तर मी तो पर्समधल्या रुमालात गुंडाळून न्यायचा नाही असं ठरवलं आहे. तिथेच खायचा. काटेरी हलवा तर मी शोधून आणते, रंगीत नको, पांढराच, घरी करणाऱ्या बाईकडून. त्यात शुद्ध साखर आहे, त्याचं समर्थन एका शब्दाने करता येत नाही, आणि मला वाटतं तेच त्याचं बरं आहे. त्याच्या डब्यावर काहीही लिहिलेलं नसतं. चार दाणे खाल्ले की पाचवा खायला निमित्त सापडत नाही.

अर्थात हे सगळं उंबरठ्यावर उभ्या असलेल्या बाईचं शहाणपण आहे. चौथ्या मजल्यावरच्या त्या आईला मी हे सांगितलं नाही. तिच्या घरात तिघांच्या तीन वेगवेगळ्या वेळच्या गोळ्या-सुया आहेत, तिला मखाणे टोपलीत भरताना जे दिसतं ते मला दिसत नाही. तिच्या सासूबाईंना चार दाण्यांवर थांबता येतं की नाही, हे मला ठाऊक नाही, तिला ठाऊक आहे. तिने विचारलं फक्त एवढंच, की त्या दिवशीचा फरशीवरचा हलवा पोरांनी खाल्ला का. मी म्हटलं, खिशात भरला, निम्मा जिन्यात सांडला, दुसऱ्या दिवशी झाडणाऱ्या मावशी वैतागल्या होत्या. ती हसली. मग म्हणाली, मखाणे मात्र ती अजून रोज संध्याकाळी परतून खातेय, किलोभर उरलेत, तुम्हाला देऊ का? मी घेतले. जिरं-मिरपूड लावून बरे लागतात.

आमच्या घरात सध्या वाद आहे तो गूळपोळीचा. माझं म्हणणं, संक्रांतीची गूळपोळी जेवणावर नव्हे, जेवण म्हणून खायची: एक पोळी, गार झालेली, वर घरचं तूप, आधी वाटीभर भोगीची उरलेली भाजी, बस. नवऱ्याचं म्हणणं, दोन. त्याचा रिपोर्ट माझ्यापेक्षा चांगला आहे हे तो दर जानेवारीत फाइल काढून दाखवतो. यंदा तडजोड दीडवर झाली. उरलेली अर्धी कोणाची यावर अजून बोलणी चालू आहेत, आणि गूळपोळी आठवडाभर टिकते हे दोघांनाही माहीत आहे.